उजव्या खुर्चीतले थोरले

आमच्या धंद्यात माणूस कोण आहे हे तो कुठे बसतो त्यावरून कळतं. विमानाच्या नाकात दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे को-पायलट. दोघांसमोर तेच काटे, तीच बटणं, आणि विमान उडवायलाही दोघांना सारखंच येतं. फरक एवढाच, की काही बिनसलं तर जाब डावीकडच्याला द्यावा लागतो. त्यालाच आम्ही कमांड म्हणतो, आणि डाव्या खुर्चीत काढलेल्या वेळेला कमांडचे तास. नोकरी मागायला गेलात की चहा विचारायच्या आधी हे तास विचारतात.

मी उजवीकडे बरीच वर्षं काढली. कॅप्टन व्हायची पाळी आली आणि कंपनीच बंद पडली. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तो असा. मग मी रुग्णवाहिका विमानावर गेले. लहानसं विमान, दोन वैमानिक, एक डॉक्टर, एक स्ट्रेचर. जुन्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. "खेळणं चालवतेस," म्हणाले. चालवते तर चालवते. त्या खेळण्याच्या डाव्या खुर्चीत मी होते. बाहेर धुकं, मागे पेशंटला धाप लागलेली, डॉक्टर विचारतोय 'निघायचं ना?' आणि 'नाही, अजून नाही' हे म्हणायचं काम माझं. ते कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणत म्हणत सवय झाली.

आता हा रुग्णवाहिकेचा तळ दुसऱ्या शहरात हलणार होता. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान इथे, सासूबाईंच्या सगळ्या मैत्रिणी इथे. तळाबरोबर मी गेले असते तर स्वतःच्याच घरात पाहुणी झाले असते. तेवढ्यात इथल्या एका विमान कंपनीची जाहिरात आली, कॅप्टन पाहिजेत. विमानही ओळखीचं, ज्याच्या उजव्या खुर्चीत माझी उमेदवारी गेली तेच. अट होती कमांडच्या तासांची, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: लहान विमानावरचे तास निम्मे धरले जातील. म्हणजे माझी कमांड हाफ तिकीट. निम्मे धरले की मी अटीच्या जराशी खाली जात होते. तरी त्यांनी चाचणीला बोलावलं, कारण कॅप्टन मिळत नव्हते. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना माहीत आहे. गाढव व्हायला माझी काही ना नव्हती.

एक गोष्ट मात्र मी आधीच ठरवून टाकली होती. उजवी खुर्ची देऊ केली तर घ्यायची नाही. पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभं राहायचं माझं वय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्वभावही नव्हता.

"कुठेही बस, पण संध्याकाळी घरी ये," नवरा म्हणाला.

"डावीकडे बसेन आणि घरी येईन," मी म्हटलं.

सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोठी माणसं असतील तिथे. जरा तोंड सांभाळ."

"आई, तिथे तोंडाचीच परीक्षा असते."

"मग झालंच," त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द शोधू लागल्या.

कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात बाहेरच्या खोलीत माझ्याआधी एक गृहस्थ बसले होते. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवरचे कॅप्टन, ऐसपैस आणि हसतमुख. त्यांनी आपले तास सांगितले आणि माझे विचारले. मी सांगितले. सूर्यापुढे काजवा. पण माणूस मोठ्या मनाचा निघाला.

"खरं सांगू का?" ते म्हणाले, "माझे निम्मे तास झोपेत झालेत. लांबच्या उड्डाणात आम्ही आळीपाळीने मागे बंकवर जाऊन झोपतो. विमान दुसरा चालवतो आणि कमांड माझ्या नावावर चढते."

"म्हणजे तुम्ही झोपेतही कॅप्टन."

"हो, आणि बायको म्हणते जागेपणीही झोपेतच."

आम्ही दोघंही मोठ्याने हसलो. पण मनातून मी चडफडले. यांची झोप पूर्ण तिकिटाची आणि माझं धुकं अर्ध्या तिकिटाचं. गैरसमज नको, तासांची अट नकोच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सासूबाईंना मी ज्या विमानात बसवून देईन त्याच्या डाव्या खुर्चीत कोण आहे, त्याने आधी काय काय निभावलंय, हे मी खोदून खोदून विचारेन. माझं भांडण मोजण्याशी नव्हतंच. मापाशी होतं.

ते माप ज्यांनी ठरवलं त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. कंपनीतले सर्वांत जुने कॅप्टन, प्रशिक्षणाचे प्रमुख, आणि भरतीत त्यांचा शब्द शेवटचा. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा वैमानिक या शहरात सापडणं कठीण. त्यांची ख्याती होती चकव्यांसाठी. चाचणीत ते मागे बसत आणि को-पायलटला आधीच पढवून ठेवत: मध्येच एक आकडा चुकीचा सांग, एक बटण चुकीचं दाब. उमेदवाराला ते दिसतं की नाही, दिसलं तर तो बोलतो की नाही, हे थोरले बघत.

त्या दिवशी नेमका चाचणीचा को-पायलट तापाने आडवा झाला होता. "मीच बसतो उजवीकडे," थोरले म्हणाले.

सिम्युलेटर म्हणजे एका उंच हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी केलेली पांढरी खोली. तिच्या दारापर्यंतचा लहानसा पूल ओलांडून आत गेलं की हुबेहूब विमानाचं नाक. काचांबाहेर चित्रातलं आकाश, आणि खोली हलते तीसुद्धा विमानासारखी. आत गरम झालेल्या वायरींचा वास. आमच्या मागे पडद्यासमोर कंपनीचे उड्डाण सुरक्षा अधिकारी बसले. कधी काय बिघडवायचं ते त्यांच्या हातात. त्यांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर भरतीच्या बाई. थोरले उजवीकडे बसले आणि हेडफोन अडकवायचा हूक सवयीने डावीकडे चाचपू लागले. तो त्यांच्या उजव्या हाताला होता.

उड्डाण झालं. ढगात शिरलो. शिरलो तोच आगीची घंटा वाजली आणि लाल दिवा लागला: डावं इंजिन.

आग लागली की घाई करायची नाही, हा आमचा पहिला धडा. जळतं इंजिन बंद करायला मधल्या ओळीतला एक लिव्हर ओढायचा असतो. दोन इंजिनं, दोन लिव्हर, शेजारी शेजारी. को-पायलटने आधी लिव्हरवर नुसता हात ठेवायचा, कुठलं इंजिन ते मोठ्याने बोलायचं, आणि कॅप्टनने स्वतःच्या डोळ्यांनी तो हात पाहून 'बरोबर' म्हटलं की मगच ओढायचं. जळतं ठेवून चालतं बंद केलं तर विमानाचा दगड होतो.

"डावं इंजिन," थोरले म्हणाले. आवाज खणखणीत, शांत. त्या आवाजावर कुणीही डोळे मिटून भरवसा ठेवला असता. माझ्या ओठांवर 'बरोबर' अर्धं आलंसुद्धा होतं. मग मी हाताकडे पाहिलं. हात उजव्या लिव्हरवर होता.

"थांबा. हात काढा."

हात निघेना.

"सर, हात काढा. ते चालतं इंजिन आहे."

तेव्हा तो निघाला. थोरल्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं, तो पँटला पुसला, आणि पुन्हा म्हणाले, "डावं इंजिन." या वेळी हात डाव्या लिव्हरवर होता.

"बरोबर," मी म्हटलं. त्यांनी ओढला. घंटा थांबली.

पुढचं सगळं रीतसर झालं. एका इंजिनावर मी विमान उतरवलं. उतरवलं कसलं, थोडं आपटलंच. मागून सुरक्षा अधिकारी म्हणाले, "दात आहेत अजून जागेवर." म्हणजे पास, असा मी अर्थ लावला.

मग काचेच्या भिंतीच्या लहान खोलीत आम्ही चौघं बसलो. भरतीच्या बाई खुशीत होत्या. "तो लिव्हरचा चकवा! सर, कमाल आहे तुमची. मला तर मागून पत्तासुद्धा लागला नाही."

"मलाही आधी सांगितला नव्हता," सुरक्षा अधिकारी हसत म्हणाले.

थोरल्यांनी हातातल्या कपात पाहिलं. "हं," ते म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या लगेच लक्षात आलं ना, चकवा आहे म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं सर चुकले."

"सर आणि चुकणार!" बाईंना हसू आवरेना. माझे कान गरम झाले. तोंड सांभाळायचं राहूनच गेलं होतं. पण विचारलं ते सांगितलं. आणखी काय सांगणार होते?

हसणं ओसरल्यावर बाईंचा स्वर बदलला. माणूस नकार द्यायच्या आधी जरा जास्तच गोड बोलतो, तसा. चाचणी उत्तम झाली, त्या म्हणाल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांचं मत होतं की अट थोडी सैल करावी. पण अट सैल करायला कारण तसं सबळ हवं. "सरांचे चकवे आता बाहेर सगळ्यांना माहीत झालेत. लोक तयारी करून येतात. चकवा ओळखला हे परीक्षेतलं कौशल्य झालं. खरोखरच्या चुकीच्या वेळी, आपल्याहून कितीतरी मोठ्या माणसाला, माणूस थांबवेल का? ते कमांडच्या तासांतूनच येतं. म्हणून तर अट आहे. बरोबर ना सर?"

मी थोरल्यांकडे पाहिलं. ते फळ्याकडे बघत होते. फळ्यावर कुणाचंतरी अर्धवट पुसलेलं विमान होतं.

"उजवी खुर्ची मात्र आम्ही आजच देऊ," बाई म्हणाल्या. "विचार करा, चहा घ्या, आणि सांगा."

कँटीनमध्ये जाऊन मी सँडविच घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. मागे त्याच्या भिंग घासायच्या यंत्राची घरघर चालली होती.

"उजवी देतायत," मी म्हटलं.

"मग?"

"नको."

घरघर थांबली. "बरं. मग तू तळाबरोबर जा. मी आणि आई इथे राहू. एकमेकांना खाणार थोडीच आहोत? सुट्टीला येशील, तेव्हा चार दिवस आम्हीही शहाण्यासारखे वागू."

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भांडला असता तर सोपं गेलं असतं. इतक्या सहज त्याने माझ्यासाठी आपलं घर अर्धं केलं, आणि मला ते घर पूर्णच हवं होतं. मी फोन ठेवला आणि सँडविचवर राग काढला.

तेवढ्यात समोर एक ट्रे आला. चहा, दोन बिस्किटं, आणि त्यांच्या मागे थोरले.

"बसू का?"

"खुर्ची कंपनीची आहे, सर."

ते बसले. बिस्कीट चहात बुडवायचं की नाही याचा बराच वेळ विचार केला आणि नाही बुडवलं.

"तो चकवा नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"चकवा लावणारा समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही तुमच्या हाताकडे बघत होतात."

त्यांनी बिस्कीट ट्रेमध्ये परत ठेवलं. मग म्हणाले, "जन्म डावीकडे गेला. उजवीकडे बसलं की सगळं आरशात बघितल्यासारखं होतं. डोक्यात डावं होतं, तोंडातही डावं होतं, आणि हात आपला भलतीकडेच. तुम्ही 'बरोबर' म्हणाला असता तर मी ओढला असता."

"होतं असं कधी कधी, सर." मी खरंच तसं म्हटलं. म्हातारा माणूस, त्याचा चेहरा उतरला होता.

"कधी कधी झालंही असेल," ते म्हणाले. "पण मला आजवर कुणी 'हात काढा' म्हटलं नव्हतं. 'सर, जरा बघता का', 'सर, मला आपलं वाटलं', असं म्हणतात. तेवढ्या वेळात ओढून झालेलं असतं. तुम्ही हे शिकलात कुठे?"

"हाफ तिकिटावर," मी म्हटलं.

त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं. "तुमच्या कानावर घालायला हवं होतं," ते म्हणाले. "मनाला बरं वाटत नव्हतं."

आणि इथे माझा तोल गेला. गेला म्हणजे काय, मी तो जाऊ दिला. "सर, माझ्या कानावर घालून काय उपयोग? मला आधीच कळलं होतं. ज्यांना कळलेलं नाही ते आत बसलेत. बाईंनी तुमच्यासमोर विचारलं, खरी चूक झाली तर ही बाई मोठ्या माणसाला थांबवेल का? उत्तर तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही फळा बघत बसलात. इथे माझ्यासमोर मन हलकं करू नका. आत जा आणि त्यांना सांगा."

"आत्ता?"

"चहा पिऊन जा हवं तर."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी काय बोलले. या माणसाच्या एका शब्दावर शहरातल्या निम्म्या वैमानिकांची कामं ठरत. आता उजवी खुर्चीही गेली असं मी धरून चालले, आणि गंमत म्हणजे मला अजिबात वाईट वाटलं नाही. थोरले उठले. चहा तसाच ठेवला. ट्रे माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बिस्किटं खा," आणि गेले.

मी खाल्ली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. काचेपलीकडे थोरले उभ्यानेच बोलत होते. बाईंचा हात तोंडावर गेला. सुरक्षा अधिकारी पुढे झुकले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि थोरले बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"मला बाहेर बसायला सांगितलं. माझ्याबद्दल बोलायचं होतं, माझ्यासमोर बोलता येईना."

लांब पल्ल्याचे कॅप्टन आपली बॅग न्यायला आले होते. त्यांनी आम्हा दोघांना ओळीने बसलेलं पाहिलं आणि थबकले. "सर, तुम्हीही उमेदवार का?" त्यांनी गमतीने विचारलं.

"तसंच काहीसं," थोरले म्हणाले.

"शुभेच्छा!" असं म्हणून ते हसत निघून गेले. त्यांचं काम झालं होतं म्हणे, आणि मला त्याचा आनंदच वाटला.

"एक विचारू, सर?" मी म्हटलं. "लहान विमानाचे तास निम्मे का धरलेत?"

थोरल्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काहीतरी धरायला हवे होते," ते म्हणाले. "निम्मे दिसायला बरे दिसले. मग कुणी विचारलंच नाही."

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. आत दोघांचं भवितव्य ठरत होतं आणि आम्ही बाहेर, मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे खिदळत होतो. दार उघडून बाईंनी आमच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, या दोघांना काही गांभीर्यच नाही.

आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. बाई आता गोड बोलत नव्हत्या, आणि ते मला फार बरं वाटलं. "सरांनी सांगितलं ते ऐकून मी हादरले," त्या म्हणाल्या. "हसले त्याबद्दल माफ करा." तासांची अट राहणार होती. राहायलाच हवी, मीही मान हलवली. लहान विमानाचे तास कसे धरायचे ते नव्याने ठरवणार होते. पण माझ्यासाठी तेवढं थांबायची गरज उरली नव्हती. मला डावी खुर्ची मिळाली.

मिळाली हे कळायला मला एक क्षण लागला. मग डोळे भरून आले आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. मनात पहिला विचार काय यावा? संध्याकाळी घरी. रोज संध्याकाळी घरी.

थोरल्यांना उजव्या खुर्चीचा सराव पुन्हा करावा लागणार होता. "तो त्यांनी स्वतःच मागून घेतला," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "तोवर ते कुणाची परीक्षा घेणार नाहीत."

"आणि तुमचं एक," बाई म्हणाल्या. "नव्या कॅप्टनच्या उजवीकडे सुरुवातीला देखरेखीला जुना कॅप्टन बसतो. आमच्याकडे बरेच आहेत, सगळे नावाजलेले. कोण हवं ते तुम्ही सुचवू शकता."

"सरांचा सराव संपेपर्यंत मी थांबते," मी म्हटलं. "मला हेच हवेत."

थोरले चमकून माझ्याकडे बघू लागले. बाईंना वाटलं मी थोरल्यांवर उपकार करतेय. त्या जरा अडखळल्या. "म्हणजे, आज ज्यांचा हात चुकला, तेच?"

"हो," मी म्हटलं. "बाकीच्यांचा चुकेल तेव्हा ते सांगतील की नाही, मला माहीत नाही."